वर वारा उलटतो म्हणणाऱ्या तुम्हाला

तुमच्या जलदानविधीला माणसं बरीच आली. ओसरीत खुर्च्या पुरल्या नाहीत, शेजारून सतरंज्या आणाव्या लागल्या. भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं, मग बोलणारे बोलले. तुमच्या कॉलेजचे प्राचार्य तुमचा जन्म, शिक्षण, नोकरी सगळं ओळीनं बोलले आणि "विद्यार्थिप्रिय" हा शब्द फिरून फिरून आला. तुम्ही असतात तर माझ्या कानाशी म्हणाला असतात, "ह्यो कुणाबद्दल बोलायलाय?" आणि मी हसू दाबत तुम्हाला गप्प केलं असतं. कोपऱ्यात चादरीखाली तुमची टाकी होती. तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. उलट कुणीतरी चहाचा ट्रे तिच्यावर ठेवला, तो मी मुकाट्यानं उचलून खाली ठेवला.

म्हणून लिहायला बसले. तारखा आणि पदव्या त्यांच्यापाशी असू द्या. माझं तुमच्याशी एक भांडण अर्धवट राहिलंय, मला त्याच्याशी मतलब. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यानंतर एका दुपारी, मी शाळेत असताना, टाकीतलं पाणी आपणहून उलटं फिरलं आणि ते तुम्ही डोळ्यांनी बघितलं, असं तुमचं म्हणणं. माझं म्हणणं, तुम्हाला तसं वाटलं. यावर आपण महिनोन् महिने भांडलो. तुम्ही गेलात तेव्हाही निकाल लागला नव्हता. नवरा गेल्यावर बाईनं कशाकशाचा विचार करावा याचे काही रिवाज असतील. मला मात्र पहिल्या दिवसापासून हेच सतावत होतं, की हा माणूस खरं बोलत होता की नाही.

तुमचा हा वारा माझ्या आयुष्यात लग्नाच्याही आधी शिरला. तुम्ही भालकीला मला बघायला आलात. माझ्या वडिलांनी, ते शिक्षकच ना, मुलगी गणितात हुशार आहे असं सांगितलं. तुमच्याबरोबर आलेल्या करजगीच्या मामांनी भाकरी थापता येते का विचारलं. तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत आणि मला म्हणालात, "आपल्या डोस्क्यावर, ढगांच्याबी लई वर, वारा कुठून कुठं जायलाय, सांगता येईल?" मी म्हटलं, "वर जाऊन बघितलं न्हाई." वडिलांनी डोळे वटारले. तुम्ही मात्र अशा खुशीत आलात की बशीतला चहा तसाच राहिला. "मी बघितलंय," म्हणालात. "औंदा पूर्वेकडनं यायलाय. पुढच्या साली इचारा, पश्चिमेकडनं येत असंल." मामा वडिलांकडे वळून म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, जरा ऊन लागलंय." मी आत गेले आणि आईला सांगितलं, हाच चालेल. भाकरीबद्दल न विचारणारा पुरुष मी पहिल्यांदाच बघत होते.

लग्नाआधी काही वर्षं तुम्ही हैदराबादला हवामानाचे फुगे सोडायच्या कामावर होता. माणसाहून मोठा पांढरा रबरी फुगा, खाली टांगलेलं छोटं यंत्र. ढगांच्या वर, विमानांच्याही वर, जिथं पाऊस नाही की धूळ नाही तिथपर्यंत तो चढायचा आणि मग फुटायचा. त्या थराला पुस्तकात स्थितांबर म्हणतात. "तिथं काय घडतच न्हाई असं वाटून कुणीतरी नाव ठिवलं असंल," असं तुम्ही हसून म्हणायचात. कारण घडत होतं. आपल्या या उष्ण पट्ट्यावर, तिथं वर, वारा कधी पूर्वेकडून वाहायचा, कधी पश्चिमेकडून. एक फेरा पुरा व्हायला दोन वर्षांहून थोडा जास्त काळ लागायचा. उन्हाळा-पावसाळ्याशी त्याचा मेळ बसत नव्हता. आणि उलटा वारा आधी सगळ्यात वर दिसायचा, मग महिन्यामहिन्यानं खाली उतरायचा. का, ते तेव्हा तुम्हाला कुणी सांगू शकलं नाही. नोकरी सोडून गुलबर्ग्याला प्राध्यापक झालात, पोरांना भिंगं आणि चुंबकं शिकवलीत, पण तो प्रश्न काही तुमच्या अंगातून गेला नाही.

त्या कामातून तुम्ही घरात एक कायदाही आणलात. फुग्याचं वाचन घेताना एकानं आकडा सांगायचा, दुसऱ्यानं स्वतः बघायचं, मोठ्यानं पुन्हा म्हणायचं, मगच लिहायचं. "एकाचं वाचन वाचन न्हाई," हे तुमचं वाक्य या घराच्या भिंतींनाही पाठ असेल. आपल्या लेकीला, सुजाताला, ताप आहे असं मी सांगितलं की तुम्ही थर्मामीटर झटकून पुन्हा लावायचात. भाजीत मीठ जास्त झालंय असं तुम्ही म्हणालात तर मीही चव घेतल्याशिवाय ते खरं धरायचं नाही. मी किती चिडायचे! "आईच्या हाताला कळतंय ताप हाय ते, तुमाला कामून कळत न्हाई?" तुम्ही काच उजेडात धरून म्हणायचात, "कळायलंय की. आता दोगांना कळायलंय."

तुमचे वडील, आपले अप्पा, यांना मात्र तुमचा कायदा फार आवडायचा. छप्पन सालानंतर त्यांनी करजगीच्या घरात बुद्धाचा नवा रस्ता धरला तो कुणी सांगितलं म्हणून नाही, स्वतः विचार करून, असं ते अभिमानानं सांगत. दुसऱ्याच्या रानात राबणारा माणूस, पण पोराला शिकवताना एकच गोष्ट सांगत राहिला, की मोठा माणूस म्हणतोय एवढ्यावरून मान डोलवायची नाही. सून आल्यावर ते मलाही तेच म्हणाले. "ह्येचंबी ऐकून घिऊ नको, बाई. इचार, कामून म्हणून." सासऱ्यानं दिलेली अशी मोकळीक मी वाया घालवली नाही, हे तुम्हीही मान्य कराल.

मग तुम्ही बेंगळूरला शिक्षकांच्या उन्हाळी वर्गाला गेलात. परत आलात तेव्हा पिशवी हातात, पाय धुळीनं माखलेले, आणि दारातूनच ओरडलात, "मास्तरीणबाई, खालनं व्हायलंय ते! सगळं खालनं!" मला वाटलं बाहेरचं खाऊन पोट बिघडलं. मी ओवा काढायला गेले. तुम्ही माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आलात आणि ओवा चघळत चघळत सांगू लागलात.

ढग उसळतात, त्यांच्या उसळण्यानं वरच्या हवेत लाटा उठतात. त्या दिसत नाहीत, पण यंत्राला कळतात. काही पूर्वेकडे निघतात, काही पश्चिमेकडे, आणि सगळ्या तिरक्या वर चढतात. वर समजा पूर्वेकडे जाणारा वारा आहे. तर पूर्वेकडे निघालेल्या लाटा त्याच्यात विरतात आणि आपला जोर त्याला देऊन टाकतात. त्यावर पोसत तो वारा खाली खाली सरकतो. पश्चिमेकडे निघालेल्या लाटा त्याच्यातून आरपार जातात, आणखी वर पोचतात आणि तिथं उलटा वारा उभा करतात. मग तोही खाली उतरायला लागतो, पहिला खाली येऊन येऊन संपतो. पुन्हा तेच, दुसऱ्या बाजूनं.

मी विचारलं, जिच्या दिशेला वारा आहे तीच लाट का विरते? तुम्ही गाणगापूरच्या पौर्णिमेच्या गर्दीचं उदाहरण दिलंत. गर्दीबरोबर चालणारा गर्दीत मिसळून जातो, उलटा येणारा पार होतो. मी म्हटलं, "तुम्ही कधी उलटे आलाव का त्या गर्दीतनं? उलटा येणाराच चेंगरतोय." रात्रभर तुम्ही विचार केला असणार, कारण सकाळी दात घासता घासता एकदम म्हणालात, "सोलापूरची यस्टी!" सोलापूरच्या गाडीत बसलं की समोरून येणारी गाडी सुळकन निघून जाते, पण आपल्याच दिशेनं जाणारा ट्रक बराच वेळ शेजारी राहतो. शेजारी राहिला की देवाणघेवाणीला वेळ मिळतो. लाटेचंही तसंच. वाऱ्याच्या दिशेनं जाणारी त्याच्यात रेंगाळते, आणि रेंगाळली की संपते. हे उदाहरण मला पटलं. तसं मी सांगितलंही, आणि तुम्ही तोंडातल्या फेसासकट हसलात.

पण माझा खरा आक्षेप वेगळाच होता. आधी वाराच नसेल तर? दोन्ही बाजूंच्या लाटा सारख्याच जोराच्या. "दोन्हीकडनं सारखं ढकललं तर उत्तर शून्य," मी म्हटलं. "चौथीतलं पोरगं सांगंल." तुम्ही म्हणालात, "शून्य टिकत न्हाई. जरासं कुठंतरी कलतंय, आन एकदा कललं की कलतच जातंय."

"बरं, कललं. मग परत उलटं कामून यील?"

"त्येच तर दाखवायचंय तुला," तुम्ही म्हणालात, आणि त्या दिवसापासून आपली ओसरी गेली.

एका मोठ्या पिंपात एक छोटं पिंप उभं केलंत. दोन्हींच्या मधल्या गोल गल्लीत पाणी भरायचं, म्हणजे त्याला फिरायला वाट. बाहेरच्या पत्र्याला कापून उभी काच बसवलीत. तळाला ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर, आणि रबराखाली लाकडी पट्ट्या. जुन्या पंख्याच्या मोटारीनं त्या हलायच्या, एक वर तर शेजारची खाली, त्या जागच्या जागीच वरखाली व्हायच्या. डावीकडे ढकलायचं नाही, उजवीकडे ढकलायचं नाही. खालचं पाणी जड आणि वर वर हलकं होत गेलेलं, म्हणजे त्यात लाटा तशाच चढतील जशा हवेत चढतात. बेंगळूरला तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं, परदेशात एका प्रयोगशाळेत असं करून बघितलंय आणि पाणी थोड्या थोड्या वेळानं आपोआप उलटतं. तुम्हाला ते गुलबर्ग्यात, आपल्या ओसरीत, माझ्या डोळ्यांदेखत उलटवायचं होतं.

जड पाणी म्हणजे मिठाचं पाणी, हे मलाही कळत होतं. तुम्ही म्हणालात, मिठानं पत्रा गंजेल, गुळाचं पाणी घेऊ. उसाच्या मुलखातला माणूस! मामांच्या गुऱ्हाळातून ढेपा आल्या. मी म्हटलं, गूळ दाट असतो, लाट चढणार नाही. तुम्ही ऐकलं नाहीत. खाली काळपट, वर पिवळसर असे सुंदर थर लागले होते, हे मात्र खरं. एप्रिलचा महिना, गुलबर्ग्याचं ऊन. दुसऱ्या दिवशी टाकीतून बुडबुडे यायला लागले. तुम्ही काचेला नाक लावून म्हणालात, "लाटा उठायल्यात बघ!" तिसऱ्या दिवशी फेस वरून सांडला आणि वास गल्लीभर पसरला. शेजारच्या बानूखाला भिंतीवरून डोकावल्या. "क्या टीचरम्मा, प्रोफेसर साब घर में भट्टी लगा लिए क्या? पूरी गल्ली महक रई!" मी लाजेनं आत पळाले. तुम्ही मात्र खालांना बोलावून टाकी दाखवलीत, वरचे वारे समजावून सांगितलेत. त्या शांतपणे ऐकून घेऊन म्हणाल्या, "ठीक है साब, फेंकते वक्त नाली में मत डालो, बकरियां पी लेंगी." या गल्लीत कुणी थोर माणूस राहिला असेल तर त्या बानूखालाच.

त्यानंतर आतून ऑइलपेंट लावला आणि मीठ आलं. पाण्याचे थर न मिसळता भरायचे कसे हे तुम्हाला जमेना. तुम्ही ओतलंत की सगळं ढवळून निघायचं, मग तुमचा चेहरा बघवायचा नाही. मी गाणगापूरहून आणलेली पळसाची पत्रावळ पाण्यावर तरंगत सोडली आणि तिच्यावर तांब्यानं धार धरली. धार पानावर पसरायची, खालच्या थराला कळायचंही नाही. पत्रावळ वर वर चढत गेली. तुम्ही काचेतून बघत होता. मग म्हणालात, "तुझ्याशिवाय ह्ये जमणार न्हाई." प्रयोगाबद्दलच म्हणालात. मी तेवढ्यावर खूश होते, आजही आहे.

विहिरीत टाकायचे पोटॅशियमचे जांभळे खडे तुम्ही चिमटीनं सोडायचात. खडा बुडताना मागे जांभळा धागा सरळ उभा राहायचा. पाणी ज्या थरात सरकेल तिथे धागा वाकायचा. आणि तो वाकला, अहो, वाकला! सारखं ढकलूनही पाणी एका बाजूला फिरायला लागलं. मी टाकीला कुणाचा धक्का लागलाय का बघितलं, दार लावून पंखा बंद केला, पिंपं ओळंब्यात आहेत का तपासलं. पुन्हा थर भरले. पुन्हा फिरलं, या खेपेला दुसऱ्याच बाजूला. मी कबूल केलं, शून्य टिकत नाही. तुम्ही त्या दिवशी शेंगाची चटणी दोनदा मागून घेतलीत.

पण उलटत नव्हतं. एकदा धरलेली बाजू पाणी सोडत नव्हतं. तुम्ही पट्ट्या बदलल्यात, मोटार हळू केलीत, जलद केलीत. सुट्ट्या यायच्या, जायच्या. कॉलेजात मागून बोलणारे बोलायचे, ते तुम्हाला ठाऊक होतं. मला मात्र त्या दिवसांत तुमचा कंटाळा कधी आला नाही. ओसरीत मोटार घरघरत असायची, मी वह्या तपासत असायचे, आणि मधूनच तुम्ही विचारायचात, "काय म्हणायलीस?" मी काहीच म्हणालेली नसायचे. तुम्हाला नुसतं कुणीतरी वाद घालायला हवं असायचं.

मग ती दुपार. मी शाळेतून आले तर घरात जळक्या तारेचा वास. मोटार गेली होती. तुम्ही टाकीजवळ उभे, हात कोपरापर्यंत ओले, डोळे असे चमकत होते की मी आधी घाबरले.

"उलटलं," तुम्ही म्हणालात.

"कुठाय?"

"आता थांबलंय. वोल्टेज वाढलं, मोटार जळाली. पण उलटलं. आधी वर, मग खाली. मी बघितलं."

मी काचेतून बघितलं. जांभळं पाणी पसरून गढूळ झालं होतं, त्यातून काहीच कळत नव्हतं. मी म्हटलं, "तुमाला तसं दिसावं वाटायलं हुतं, म्हणून दिसलं असंल." तुम्ही टॉवेलनं हात पुसलेत. मी पुढे म्हटलं, "एकाचं वाचन..." आणि वाक्य तुम्हीच पुरं केलंत, हसून. पण त्या संध्याकाळी जेवताना तुम्ही वाऱ्याचं नाव काढलं नाहीत. मला वाईट वाटलं. तरी मी चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. एखाद्या विद्यार्थ्यानं असं सांगितलं असतं तर तुम्ही मार्क दिले असते का? सांगा ना.

मोटार लगेच नव्या तारा भरून आणायची होती. पण परीक्षा आल्या, मग तुम्हाला धाप लागायला लागली, मग सोलापूरचा दवाखाना. खाटेवर पडल्या पडल्याही तुमचं तेच. एका सकाळी मी मोसंबी सोलत होते. तुम्ही विचारलंत, "मानलंस का ग?" कशाबद्दल, ते विचारायची गरज नव्हती.

आदल्याच दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं. हो म्हणायला माझं काय जात होतं? एक अक्षर. सुजातानं पलीकडून मला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. पण मला ते जमलं नाही. इतकी वर्षं ज्या माणसाशी खरं बोलले त्याला शेवटी लहान मुलासारखं समजावायचं? मी म्हटलं, "न्हाई. घरी चला, दाखवा, मग मानते."

तुम्ही म्हणालात, "बरं झालं. तू हो म्हणली असतीस तर समजलो असतो, डॉक्टरनं काय सांगितलंय ते." आणि मोसंबीची फोड मागितलीत. मी फोड दिली. माझा चेहरा तुम्हाला दिसू नये म्हणून मी बिया काढत बसले, सगळ्या बिया काढून झाल्या तरी.

तुम्हाला सगळं आधीच कळलं होतं का? हे विचारायचं राहून गेलं. दोन-तीन दिवस हाताशी होते, पण त्यांत आपण सुजाताच्या बदलीबद्दल आणि पाण्याच्या नळाबद्दल बोललो. तुमच्यामुळे माझं आयुष्य किती मोठं झालं हेही राहून गेलं. भालकीच्या त्या मुलीला कुणी आभाळात इतक्या वर नेऊन प्रश्न विचारला असता? घरोघरी नवरे बायकांना बाजाराच्या याद्या सांगतात, तुम्ही मला न दिसणाऱ्या लाटा सांगितल्यात आणि वर म्हणालात, पटत नसेल तर भांड. मी तुमची ऋणी आहे, हे लिहिताना मला जरा लाजच वाटते आहे, कारण तोंडानं मी तुम्हाला नुसतं "चष्मा कुठं ठिवलाव" एवढंच विचारत आले.

विधी झाल्यावर सुजाता म्हणाली, आई, ही टाकी आता मोडीत देऊ या, तुला सारखी दिसत राहील. मी म्हटलं, आधी मोटार भरून आण. बिचारीनं आणली. तिनं बादल्या वाहिल्या, मी मीठ विरघळवलं, पत्रावळ सोडली, धार धरली. थर नीट लागले. पट्ट्या तुम्ही शेवटी ज्या खाचेत ठेवल्या होत्या तिथेच राहू दिल्या. मोटार सुरू केली. सुजाता बाजारात गेली आणि मी काचेसमोर पाट टाकून बसले.

पाणी डावीकडे निघालं. एकेक खडा सोडत राहिले, धागा दरवेळी डावीकडे वाकायचा. बानूखाला भिंतीवरून दोनदा डोकावून गेल्या. ऊन ओसरीतून सरकून अंगणात गेलं. मला वाटलं, झालं, नाही उलटत हे. उठणार होते. तेवढ्यात सोडलेला धागा वरच्या टोकाला वाकेचना. सरळ उभा राहिला. मी पुढचा खडा सोडला. धाग्याचं वरचं टोक उजवीकडे गेलं, खालचं अजून डावीकडे. मी मोटारीला हात लावला नाही, टाकीला लावला नाही, श्वाससुद्धा तोंड बाजूला करून घेतला. मग ते उजवीकडचं वळण हळूहळू खाली उतरायला लागलं. वरून खाली, तुम्ही सांगितलं होतं तसंच, आणि शेवटी तळापर्यंत सगळं पाणी माझ्यासमोरून उजवीकडे चाललं होतं.

"अहो!" मी मोठ्यानं हाक मारली. अजून सवय जात नाही.

हाक ऐकून दारातून सुजाता धावत आली, हातात भाजीची पिशवी. मी तिला म्हटलं, "उलटलं! बाबा म्हणायले हुते तसंच उलटलं!" ती माझ्याजवळ बसली आणि माझे डोळे पदरानं पुसून म्हणाली, "व्हय आई. उलटलं."

मी म्हटलं, "बघ की आधी."

"तू म्हणायलीस म्हणजे तसंच असंल," ती म्हणाली. पाणी अजून फिरत होतं, काच तिच्यापासून हातभर अंतरावर होती. तिनं तिकडे बघितलं नाही. ती माझ्याकडेच बघत होती, आपण आजारी माणसाकडे बघतो तसं, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

हल्ली मी काहीही म्हटलं तरी सगळे हो म्हणतात. तुम्हाला निदान नाही म्हणायला मी होते.